केसपेपरच्या आधीचा निर्णय

महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका २०२२च्या मेअखेरीस कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा चर्चा झाली ती पगाराची आणि रुग्णांच्या हालांची. कॅज्युअल्टीच्या दारात आधी कुणाला आत घ्यायचं, म्हणजे ट्राएज, ही जाण कंत्राटावर मिळते का, हे विचारायचं राहूनच गेलं. ट्राएजचा, नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे या शल्यविशारदापासूनचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे, तो तिथेच बरा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं दशक २००६ ते २०१५चं. ११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट, दोनच वर्षांनी २६ नोव्हेंबरचा दहशतवादी हल्ला. त्यातून यंत्रणा शिकली, पण अर्धवट. २००९मध्ये इमर्जन्सी मेडिसिन हा डॉक्टरांचा स्वतंत्र विषय झाला, २०१४मध्ये १०८च्या रुग्णवाहिका डॉक्टरांसह धावू लागल्या. सिस्टरच्या वाट्याला सत्कार आले. कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी २६ नोव्हेंबरला दाखवलेल्या धैर्याबद्दल दुमत नाहीच. पण परिचारिकेचं शौर्य आपल्याला चटकन दिसतं, तिची वैद्यकीय पारख मात्र नाही.

ही पारख साधीसुधी नसते. एकाच्या कपाळातून रक्त वाहतंय, सोबतचे नातेवाईक आरडाओरडा करताहेत. शेजारी साठीचे मधुमेही गृहस्थ ‘गॅस झालाय’ म्हणत गप्प बसलेत, अंगाला दरदरून घाम. मुरलेली सिस्टर आधी ईसीजी काढायला घेते तो या गृहस्थांचा, कारण मधुमेहात हृदयविकाराची कळ छातीत येईलच असं नसतं, हे तिला ठाऊक असतं. हे डॉक्टरांचं काम, चुकलं तर जबाबदार कोण, असा आक्षेप नेहमी येतो. पण ट्राएजची ब्रिटनमधली मँचेस्टर पद्धत काय किंवा अमेरिकेतली पाच पातळ्यांची ईएसआय (इमर्जन्सी सिव्हेरिटी इंडेक्स) काय, दोन्ही प्रामुख्याने परिचारिकाच चालवतात. नियम लेखी असतात, म्हणून चूकही तपासता येते. आमच्याकडे नियम तोंडी आणि ठपका लेखी! दुसरा आक्षेप, त्यांचं ज्ञानच अपुरं. नर्सिंग कॉलेजांतले प्रबंध प्रश्नावल्या भरून घेऊन हेच सांगत असतात. असेलही. पण दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकलेलं वापरायचा अधिकारच नसेल, आणि हात बसेपर्यंत बदली होणार असेल, तर ते टिकावं कसं? कंत्राटाने कौशल्याची ही गळती वाढणारच. भारतीय परिचर्या परिषदेचा आपत्कालीन व आपत्ती परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो केलेल्यांसाठी ट्राएजचं कायम पद काढा, आणि केसपेपरवर त्यांनी ठरवलेला क्रम, वेळ आणि सही यांसाठी रकाना छापा.