सातबाऱ्याचा भागाकार होत नाही

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना डेटा टाइपचा धडा सोपा वाटतो. इंटिजर, फ्लोट, स्ट्रिंग ही नावं पाठ होतात आणि गैरसमज तसेच राहतात. बीड जिल्ह्यातल्या घराघरांत असलेल्या कागदांवरच ते तपासून पाहू.

गैरसमज : अंकांत लिहिलेलं सगळं संख्याच असतं.

ज्याची बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ आहे, ती संख्या. बीडचा पिन कोड ४३११२२ आणि अंबाजोगाईचा ४३१५१७ यांची बेरीज करून कोणाला काय मिळणार? पिन कोड, आधार, गट नंबर या खुणा आहेत. त्या स्ट्रिंग म्हणूनच ठेवाव्यात. बीडचा एसटीडी कोड ०२४४२ अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर पायथन ती ओळ नाकारतं. सी भाषा नाकारत नाही, आणि ते जास्त धोक्याचं आहे. शून्याने सुरू होणारा आकडा ती अष्टमान पद्धतीतला समजते आणि त्याचे १३१४ करते.

सातबाऱ्याचंही तसंच. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून तो उतारा होतो. पण ७/१२ असं नुसतं लिहिलं की ती पदावली ठरते. पायथन उत्तर देतं ०.५८३३…, तर सी देते ०, कारण तिथे दोन इंटिजरच्या भागाकारातला अपूर्णांक टाकून दिला जातो.

गैरसमज : टिंब आलं की दशांश आलाच.

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. २ एकर ३० गुंठे आपण सर्रास २.३० लिहितो. एकरात ४० गुंठे असतात, म्हणून ही जमीन खरं तर पावणेतीन एकर, २.७५ आहे. त्यात १ एकर २० गुंठे मिळवायचे म्हणून फ्लोटमध्ये २.३० + १.२० केलं, तर उत्तर साडेतीन एकर येतं. खरं उत्तर ४ एकर १० गुंठे. तीस गुंठे जमीन हिशेबातून गेली आणि प्रोग्रॅमने चूक दाखवलीच नाही! यावर सरळ उपाय म्हणजे सगळं क्षेत्र गुंठ्यांत, इंटिजर म्हणून ठेवायचं: ११० + ६० = १७०. एकर फक्त दाखवताना काढायचे.

पैशांचंही तेच. पायथनमध्ये ०.१ + ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मांडताच येत नाही. म्हणून रक्कम पैशांत ठेवणं चांगलं.

गैरसमज : ‘कंचेभागुबेव’ म्हणजे आधी बेरीज, मग वजाबाकी.

दोघींचा मान सारखा. डावीकडून जी आधी येईल ती आधी. म्हणून १० - ४ + ३ चं उत्तर ९, ३ नव्हे. गुणाकार-भागाकारालाही हाच नियम. सी मध्ये ७ / १२ * १०० लिहिलं तर ०, आणि १०० * ७ / १२ लिहिलं तर ५८. टक्केवारी शून्य येत असेल, तर प्रथम हा क्रम तपासा.

गैरसमज : किबोर्डवरून अंक दिला म्हणजे प्रोग्रॅमला संख्या मिळाली.

पायथनच्या इनपुटमधून येते ती नेहमी स्ट्रिंग. २ आणि ३ दिले तर बेरजेऐवजी ‘२३’ अशी जोडणी होते. इंट हे फंक्शन वापरूनच तिची संख्या करावी लागते. तेच फंक्शन देवनागरीत टाइप केलेले अंकही बिनचूक वाचतं. आपल्या शेताचे गुंठे मराठी आकड्यांत देऊन हे आजच करून पाहा.