शिंपल्यातून गाळलेलं ऊन

पणजीच्या फोंतेन्यास भागातल्या एका जुन्या घरात मे महिन्यातल्या भर दुपारी बसले होते. बाहेर रस्ता तापला होता. आत मात्र उजेड होता आणि ऊन नव्हतं. जमिनीवर कवडसा नाही, डोळ्यांवर तिरीप नाही, दिवा तर एकही लावलेला नाही. खोलीभर दुधाळ, किंचित पिवळसर प्रकाश सारखा पसरलेला. खिडकीजवळ गेले, तर तिला काच नव्हतीच! लाकडी पट्ट्यांच्या खाचांत शिंपल्यांचे चौकोनी तुकडे ओळीनं बसवले होते.

काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळी गोव्यातल्या सुतारांनी हा उपाय वापरला. शास्त्रज्ञ या शिंपल्याला ‘प्लाकुना प्लासेंटा’ म्हणतात. खाडीच्या चिखलात हा जीव आडवा पडून राहतो आणि त्याचं कवच जवळजवळ सपाट असतं. कडा कापल्या की तावदान तयार.

त्या तुकड्याला मी बाहेरून बोट टेकवलं, तर आतल्या मैत्रिणीला त्याची कड स्पष्ट दिसली. हात वीतभर मागे घेतला, तशी नुसती धूसर सावली उरली. दोन पावलं मागे सरले आणि तिच्यालेखी मी नाहीशीच झाले. उजेडाला वाट, नजरेला आडकाठी. पडद्याची गरजच नाही.

खरं नवल पुढेच आहे. हे कवच सुमारे 99 टक्के कॅल्साइटचं असतं. संगमरवरही मुख्यतः कॅल्साइटच! मग संगमरवराच्या फरशीतून असा उजेड पार का होत नाही? कारण तिच्यातले कण वाटेल तसे, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. प्रत्येक सांध्यावर प्रकाश थोडा वळतो, थोडा परततो. शिंपल्यात मात्र कॅल्साइटचे केसाहून कितीतरी पातळ थर एकावर एक नीट रचलेले असतात. म्हणून जवळपास 80 टक्के प्रकाश पार होतो, फक्त वाटेत जरासा विखुरतो. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं, की टोकदार घाव बसला तरी याच रचनेमुळे इजा त्या जागेपुरतीच राहते. चिखलातल्या एका मऊ जिवानं हे घडवलंय, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

त्या विखुरण्यातच खोलीचं सुख आहे. उजेड लहानशा जागेतून आला, की सावल्या धारदार पडतात आणि डोळे दिपतात. मोठ्या पृष्ठभागावरून आला, की सावल्या विरघळतात. शिंपल्यांमुळे अख्खी खिडकीच दिवा होते. आपल्या आकाशकंदिलातला पातळ कागदही हेच करतो. म्हणून मला वाटतं, उघडा एलईडी बल्ब डोळ्यांत खुपत असेल, तर कमी वॅटचा शोधण्याआधी त्याच्यापुढे, थोडं अंतर सोडून, सुती कापडाची किंवा हातकागदाची शेड लावून पाहावी. दिवा भिंतीकडे वळवला तरी चालतं, मग भिंतच उजळून निघते.

नव्या खिडक्यांसाठी मात्र हे शिंपले खाडीतून उपसू नयेत. झुवारी नदीच्या मुखाजवळ चिखलीच्या उपसागरात ते अजून जगताहेत आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्यांना कवच आहे.

निघायला संध्याकाळ झाली. आत कुणीतरी दिवा लावला. गल्लीत उतरून मागे वळून पाहिलं, तर दुपारी ऊन आत गाळणारी तीच खिडकी आता घरातला उजेड बाहेर गाळत होती. चौकोन न् चौकोन मधासारखा पेटलेला.