बटण दाबले, पण पोचले का?

शाळेच्या लॅपटॉपवर लिनक्स असले म्हणजे एक तक्रार हमखास कानी येते, "गुरुजी, आवाजाचं बटण चालंना!" कुठे वायफायचे बटण दाद देत नाही, तर कुठे धडा रंगात आला असताना पोराचे बोट चालू-बंदच्या बटणाला लागते आणि यंत्रच मिटते. न साठवलेले लिखाण गेले ते गेलेच. मग नवा कीबोर्ड घालायची भाषा सुरू होते. ही घाई करू नये.

शिरोळच्या ऊसकऱ्याला हे सांगायला नको. शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही म्हणून कोणी मोटर बदलत नाही. आधी पाटाच्या कडेने चालत जायचे, पाणी कुठे फुटले ते बघायचे. बटणाचेही तसेच आहे. बोटाचा दाब प्रथम यंत्रातल्या एका चिपला कळतो. ती लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, एक आकडा पाठवते. कर्नेल त्यावरून बटण ओळखतो, आणि मग कुठे पडद्यावरची व्यवस्था आवाज वाढवते.

वरच्या ओळीतली बटणे उलटी वागत असतील, तर पुष्कळ यंत्रांत 'एफएन' धरून 'एस्केप' दाबले की काम भागते. तेवढ्याने भागले नाही, तर पाटाने चालायला 'एव्हटेस्ट' नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. नसेल तर बसवून घ्यावा आणि टर्मिनलमध्ये 'सुडो एव्हटेस्ट' अशी आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. समोर यादी येते. तीत कीबोर्ड वेगळा, 'पॉवर बटन' वेगळे, झाकणाचा 'लिड स्विच' वेगळा. पुष्कळजण इथेच चुकतात: आवाजाचे किंवा उजेडाचे बटण कधी कधी कीबोर्डात नसतेच, भलत्याच नावाखाली असते. म्हणून एकेक नाव निवडून बटण दाबून पाहावे.

दाबताच १ आणि सोडताच ० उमटला, तर बटण धड आहे. दोष पुढे, पडद्यावरच्या सेटिंग्जमध्ये शोधावा. हात न लावता १ येऊन मागोमाग २, २, २ अशी रांग लागली, तर बटण आत अडकले आहे. गगनबावड्याकडच्या पावसाळी ओलीत किंवा खडूच्या धुळीत हे व्हायचेच. इथे मात्र दुरुस्तीवाला हवा. कुठल्याच नावाखाली काही उमटले नाही, तर 'सुडो डीमेसेज' पाहावे. 'अननोन की' अशी ओळ दिसली, तर आकडा पोचला आहे, पण कर्नेलला त्याची ओळख नाही. ती ओळख फाइलीत लिहून देता येते. हे काम जाणत्याकडून करून घ्यावे.

वायफायसाठी 'आरएफकिल लिस्ट' म्हणावे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'यस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' पुरते. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर आज्ञा देऊन उपयोग नाही. यंत्राच्या कडेला सरकती कळ आहे का, ती चाचपावी.

राहिले चालू-बंदचे बटण. सेटिंग्जमधल्या 'पॉवर' या भागात 'काहीच करू नये' असे बहुधा निवडता येते. वर्गासाठी तेच बरे. मात्र बटण काही सेकंद दाबून धरले, तर यंत्र बंद होणारच. तिथे लिनक्सला कोणी विचारीत नाही. म्हणून पोरांच्या हाती यंत्र देण्याआधी लिखाण साठवून घ्यावे.