धूळ कोणाच्या छातीत जाते?

घराचे काम काढणे ही आपल्या लोकांच्या आयुष्यातील मोठी गोष्ट असते. पत्र्याची खोली पक्की करायची, शहाबादी काढून टाइल्स बसवायच्या, मोरीचे बाथरूम करायचे. त्यासाठी वर्षानुवर्षे भिशी लावलेली असते, सोसायटीचे कर्ज काढलेले असते. परवा आम्ही चळवळीतील एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी गेलो, तेव्हा तिथे असेच काम चालू होते. दोन बिगारी छन्नी-हातोड्याने जुने प्लास्टर पाडत होते. तिसरा दारात उकिडवा बसून कटरने टाइल कापत होता. तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काहीच नाही. ठिणगी उडाली की तो मान वळवून डोळे मिटायचा आणि अंदाजाने कटर पुढे ढकलायचा. आतल्या खोलीत म्हातारी आई खोकत होती. आम्ही मिस्त्रीला विचारले तर तो म्हणाला, "दादा, सवय झाली आहे आम्हाला."

सवय मनाला होते, फुप्फुसाला होत नाही. हा लेख आम्ही त्यासाठीच लिहीत आहोत.

वाळू, सिमेंट काँक्रीट, वीट, टाइल, ग्रॅनाइट या सगळ्यांत सिलिका असते. हे जिन्नस कोरडे फोडले, कापले किंवा घासले की त्यांची धूळ होते. जी धूळ डोळ्यांना दिसते, ती नाकात-घशात अडकते आणि खाकरून बाहेर पडते. खरी घातक धूळ दिसत नाही. पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. त्यातून सिलिकोसिस होतो. फुप्फुसाला पडलेले हे व्रण पुन्हा भरून येत नाहीत, त्यावर बरे करणारे औषध नाही. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोगाचा धोकाही कितीतरी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 सालीच या धुळीला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. दगडखाणीतला किंवा बांधकामावरचा माणूस दम लागून खंगतो, तेव्हा वस्तीत लोक म्हणतात, बिडीने खाल्ला. कित्येकदा त्याला त्याच्या कामाने खाल्लेले असते.

मग तोंडाला काय बांधायचे? रुमाल, गमछा, ओढणी यांतून बारीक धूळ आरपार जाते. दवाखान्यातला निळा सर्जिकल मास्क दोन्ही गालांवर उघडा असतो, तोही या कामाचा नाही. कोरोनाच्या काळात एन-95 हे नाव घराघरात पोहोचले. तो मास्क हवेतले किमान 95 टक्के बारीक कण अडवतो. आपल्याकडील आयएस 9473 या मानकाप्रमाणे मास्कवर एफएफपी1, एफएफपी2 किंवा एफएफपी3 असे लिहिलेले असते. एफएफपी2 हा साधारण एन-95 च्या बरोबरीचा, एफएफपी3 त्याहून वरचा. तोडफोड, कटिंग, भिंत घासणे यासाठी एफएफपी2 पेक्षा खालचा घेऊ नये. 2020 मध्ये सरकारने झडपेचा मास्क वापरू नका असे सांगितले होते, ते संसर्गापुरते. कारण त्यातून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही. धुळीच्या कामात झडप चालते, उलट उकाड्यात बरी पडते.

मास्क महाग की स्वस्त, यापेक्षा तो चेहऱ्याला चिकटून बसतो की नाही हे महत्त्वाचे. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागे जाणारे दोन पट्टे चांगले. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी. मग मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास सोडावा. कडेने किंवा डोळ्यांकडे हवा लागली तर मास्क बसलेला नाही. दाढी वाढलेली असेल तर कडेने फट राहणारच. मास्क ओला झाला, फाटला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागला की टाकून द्यावा. झटकून पुन्हा वापरणे म्हणजे तीच धूळ पुन्हा घेणे.

दोन ठिकाणी हा मास्क पुरत नाही. एक, थिनर आणि ऑइल पेंटचा वास. तो वायू असतो, धूळ नव्हे. त्याला वाफेचा वेगळा फिल्टर लावलेला रबरी मास्क लागतो, आणि खिडक्या उघड्या लागतात. दुसरे, जुने सिमेंटचे पत्रे. आपल्या झोपड्यांवरच्या या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याच्या धाग्यांचा आजार कित्येक वर्षांनी वर येतो. असा पत्रा फोडू नये, कटरने कापू नये. पाण्याने भिजवून, खिळे-बोल्ट काढून अखंड उतरवावा, आणि तेव्हा मास्क एफएफपी3 चा असावा.

आता डोळे. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. छन्नी मारताना बाजूने झाकलेला, पॉलिकार्बोनेट काचेचा सुरक्षा चष्मा तरी हवाच. पण धूळ कडेने आत शिरते, म्हणून तोडफोडीला आणि छत घासायला चारही बाजूंनी चेहऱ्याला टेकणारा गॉगल घ्यावा. त्याला हवेची भोके असतात, ती सरळ आरपार नसावीत, आडोशाची असावीत. घेताना मास्क लावून वर गॉगल घालून पाहावा, एक दुसऱ्याला उचलत असेल तर जोडी चुकली. नंबरचा चष्मा असणाऱ्याने त्यावरून बसणारा गॉगल मागावा. ग्राइंडर चालवताना त्यावर तोंडाची पारदर्शक ढाल लावावी, मात्र नुसती ढाल पुरेशी नाही.

सिमेंट किंवा चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये. ते नुसते खुपत नाही, डोळा भाजते. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरून किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि तसेच नेत्ररुग्णालय गाठावे. कण रुतला असेल तर तो काडीने, पदराने काढू नये. डोळा न दाबता झाकून डॉक्टरकडे जावे.

आणि मुळात धूळच कमी करावी. पाडायच्या भिंतीवर पाणी मारावे. टाइल पाण्याच्या कटरने कापावी, विजेच्या साध्या यंत्रावर मात्र पाणी ओतू नये. कोरडा झाडू मारू नये. म्हातारी माणसे आणि मुले यांना त्या दिवसापुरते शेजारी पाठवावे.

इथे एक गोष्ट आम्ही निक्षून सांगतो. घराचे काम निघाले की कोणीतरी म्हणतो, संडासाची टाकीही उपसून घेऊ, मास्क आहेच. असे कदापि करू नये. धुळीचा मास्क हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. टाकीतला विषारी वायू त्यातून तसाच जातो. आपली किती तरुण पोरे गटारात आणि टाक्यांत गेली! 2013 च्या कायद्याने हे काम माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण तीस लाखांत बाप परत येत नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूर मंत्री होते. 1943 च्या डिसेंबरात ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले आणि कामगार कसा राबतो ते डोळ्यांनी पाहिले. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क मानला. पण 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात दहापेक्षा कमी मजुरांचे काम आणि स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम वगळलेले होते. 2025 च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. तरीही दोन बिगारी आणि एक मिस्त्री लावून केलेल्या घरकामाकडे कोण निरीक्षक फिरकतो? तिथे मालक आपणच असतो, आणि नाक्यावरून आणलेला मजूरही बहुधा आपलाच असतो.

म्हणूनच हा प्रश्न सरकारकडे बोट दाखवून संपत नाही. ज्या ठेकेदाराने आपल्या बापाला मास्क दिला नाही, त्याला आपण शिव्या देतो. आज आपल्या दारात आलेल्या मजुराला आपण काय देतो? एका बिगाऱ्याच्या एका दिवसाच्या मजुरीत मास्क आणि गॉगल दोन्ही येतात. हे पैसे त्याच्या मजुरीतून कापायचे नसतात, घराच्या खर्चात धरायचे असतात. तो "सवय आहे" म्हणेल. तरी हातात द्यावेत, बसवून दाखवावेत, आणि लावल्याशिवाय कटर सुरू करू देऊ नये.

त्या कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी तीन मास्क आणि तीन गॉगल आणले. मिस्त्री आधी हसला. संध्याकाळी मास्क काढून त्याने आतली आणि बाहेरची बाजू पाहिली. बाहेरून तो पार करडा पडला होता, आतून पांढरा होता. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे सगळं इतकी वर्षं आत जात होतं."

घराचे काम काढाल तेव्हा सिमेंट, वाळू, टाइल्स यांची यादी कराल. त्या यादीत पहिल्या ओळीवर मास्क आणि चष्मा लिहा.