सहा दिवसांत पांच सामने

अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत, डोंगरावर, सुवानी येथें एक लहानसें विद्यापीठ आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाशीं तिकिटांच्या उत्पन्नावरून बेबनाव होऊन १८९९ चा सामना रद्द झाला. आतां खर्च भागावा कसा? ल्यूक ली या विद्यार्थी-व्यवस्थापकानें दौराच आंखला. आगगाडीनें सुमारें २,५०० मैल प्रवास, आणि ९ ते १४ नोव्हेंबर या सहा दिवसांत ऑस्टिनपासून मेम्फिसपर्यंत पांच सामने! त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू उराशीं धरून धांवण्याचा व अंगावर आदळण्याचा खेळ. एका सामन्यानेंच हाडें खिळखिळीं व्हावींत. तरी पांचांपैकीं एकाही प्रतिपक्षास गुण मिळाला नाहीं. मध्यें रविवारीं मात्र विश्रांति. हें आम्हांस विशेष वाटलें. त्या वर्षींचे बाराही सामने त्यांनीं जिंकले, ३२२ गुणांस अवघे १०. ते दहाही ऑबर्नचे. तो सामना ११ विरुद्ध १० असा कसाबसा हातीं आला.