नंदादेवी : शिखर राखले, पायथ्याच्या गावांचे काय?

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात उभे असलेले ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी हे संपूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेले सर्वांत उंच शिखर. त्याभोवती हिमशिखरांचे कडे असून आत शिरण्यास ऋषिगंगेच्या अरुंद घळीखेरीज सोपी वाट नाही. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांनी १९३४ मध्ये ती वाट शोधली. दोनच वर्षांनी टिलमन व नोएल ओडेल शिखरावर पोहोचले. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत मानवाने गाठलेले ते सर्वांत उंच शिखर होते.

गिर्यारोहकांची वर्दळ वाढली, तसा कचरा साचला, सरपणासाठी झाडे तुटली, चोरट्या शिकारीनेही जोर धरला. परिणामी १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि पाठोपाठ गाभाक्षेत्र गिर्यारोहण व चराईसाठी बंद करण्यात आले. १९८८ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला; २००५ मध्ये 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' त्यास जोडण्यात आले. हिमबिबट्या, कस्तुरीमृग, भरल, मोनाल पक्षी ही येथील संपदा. येथील ब्रह्मकमळ मात्र आपल्या परसातील कुंडीत रात्री उमलणारे नव्हे. ते फूल निवडुंगाच्या कुळातील. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातील असून देवीला तेच वाहिले जाते.

माहेरवाशीण नंदा

गढवाल आणि कुमाऊंच्या लोकांसाठी नंदा ही सासरी निघालेली लेक आहे. नौटी गावातून निघणारी 'नंदादेवी राजजात' ही यात्रा परंपरेने बारा वर्षांनी भरते. प्रत्यक्षात हे अंतर लांबतेही, जसे २००० नंतर ती २०१४ मध्ये निघाली. चार शिंगांचा मेंढा वाटाड्या म्हणून पुढे चालतो. त्रिशूल शिखराच्या पायथ्याशी होमकुंड येथे देवीसाठीची भेट पाठीवर बांधून त्याला एकटेच हिमशिखरांकडे सोडले जाते आणि भाविक जड अंतःकरणाने परततात. नंदाष्टमी भाद्रपदातच येते. त्याच सुमारास घरोघरी गौरी आणणाऱ्या मराठी वाचकाला लेकीच्या पाठवणीची ही कळ परकी वाटणार नाही.

रैणी आणि लाता

उद्यानाच्या वेशीवर रैणी व लाता ही भोटिया समाजाची गावे आहेत. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटशी चालणारा त्यांचा व्यापार थांबला आणि मेंढपाळी, शेती व वनौषधी यांवरच गुजराण उरली. २६ मार्च १९७४ रोजी पुरुषमंडळी गावाबाहेर असताना ठेकेदाराची माणसे रैणीच्या जंगलात शिरली. गौरादेवींच्या नेतृत्वाखाली गावातील महिलांनी वाट अडवून झाडे वाचवली. 'चिपको' आंदोलनातील हा निर्णायक प्रसंग.

ज्यांनी जंगल राखले, त्यांच्यासाठीच आठ वर्षांनी त्याचे दार बंद झाले. कुरणे गेली, हमाली व वाटाडेपणाचे उत्पन्न बुडाले. १९९८ मध्ये लाताच्या ग्रामस्थांनी 'झपटो छीनो' आंदोलन करून प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश केला. त्यांचा विरोध संवर्धनाला नव्हता. त्यातून स्थानिकांना वगळण्याला होता. २००१ मध्ये त्यांनी पर्यटन स्थानिकांच्या हाती असावे, असा जाहीरनामा काढला. पुढे गाभाक्षेत्राच्या कडेचा काही भाग नियंत्रित पदभ्रमणासाठी खुला झाला. शिखर मात्र बंदच राहिले.

बंदीचा लाभ निसर्गाला झाला, हे नाकारता येत नाही. १९९३ च्या पाहणीत वनस्पतींचे आवरण सावरत असल्याचे आढळले. परंतु रेषेच्या आत जपलेला पर्वत बाहेरच्या माणसांना अभय देऊ शकला नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखरावरून खडक व बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. त्या लोंढ्याने रैणीजवळचा ऋषिगंगा जलविद्युत प्रकल्प नष्ट केला, तपोवनच्या प्रकल्पाचेही मोठे नुकसान केले. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्याच वर्षी गाव असुरक्षित ठरल्याने गौरादेवींचा पुतळाही रैणीतून हलवावा लागला.

राष्ट्रीय उद्यानाची सीमा नकाशावर आखता येते. पण नदी, दरड आणि देवीची वाट ती रेषा मानत नाहीत. नंदादेवीचे रक्षण करताना रैणी आणि लाता यांचाही त्याच वारशात समावेश केला, तरच हे संवर्धन पूर्ण म्हणता येईल.