राष्ट्रपतींचे पदक आणि आपली मराठी



आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी बसून दिल्लीच्या चित्रपट-पारितोषिकांची चर्चा कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण ही आपल्या घरचीच गोष्ट आहे.

१० ऑक्टोबर १९५४ रोजी भारत सरकारने प्रथमच चित्रपटांना पारितोषिके दिली. १९५३ सालच्या साऱ्या भारतीय चित्रपटांतून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. मूळ पुस्तकाचे लेखक साने गुरुजी पालगडचे, म्हणजे शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. जमीन वाचविण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची कथा सांगणारा बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' त्याच वर्षीचा. त्याला प्रशस्तिपत्रक मिळाले. एका गरीब कोकणी आईने पहिला मान मिळविला, तोही मराठीत बोलून.

पुढच्याच वर्षापासून प्रत्येक भाषेतील उत्तम चित्रपटास वेगळे रौप्यपदक देण्यात येऊ लागले. मराठीतील पहिले रौप्यपदक अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला मिळाले. चवदार तळ्याच्या महाडकरांना फुल्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. आम्हा कामगारांना मात्र एवढे सांगितले पाहिजे की, १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचेच सहकारी.

याच सुमारास, १९५५ साली, इंडोनेशियातही राष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. तेथे शेकडो भाषा बोलणाऱ्या बेटांना एका इंडोनेशियन भाषेने बांधावयाचे होते. आपण वाट निराळी धरली. एका मांडवात प्रत्येक भाषेला तिचे पान वाढले.

या भाषावार पारितोषिकाला मी किमान वेतन म्हणतो. १९४८ च्या कायद्याने किमान वेतन आले ते कोणावर मेहेरबानी म्हणून नव्हे. दुबळ्याला बलवानाशी एकट्याने घासाघीस करावी लागू नये म्हणून आले. हिंदी चित्रपटामागे मोठा पैसा व मोठी बाजारपेठ असते. मराठीला तेवढे बळ नाही. म्हणून तिच्या नावाने एक जागा राखलेली असणे हा हक्क होय.

आज सर्वोत्कृष्ट चित्रपटाला स्वर्णकमळ आणि भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाला रजतकमळ मिळते. एका वर्षात सेन्सॉर मंडळाने संमत केलेले चित्रपट विचारात घेतात. आधी विभागीय परीक्षक ते पाहतात, मग मध्यवर्ती मंडळ निवड करते.

किमान वेतन मिळते म्हणून त्याहून अधिक मागू नये, असे थोडेच आहे? 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी 'श्वास'ने सर्वोच्च मान मिळविला. नातवाच्या डोळ्यांच्या दुखण्यासाठी त्याला कोकणातून शहरात नेणारा त्यातला आजोबा आपण येथे एस. टी. त चढताना कितीदा पाहिला असेल! २०११ चा 'देऊळ' दुसऱ्या एका चित्रपटाबरोबर त्या मानाचा वाटेकरी झाला. २०१४ च्या 'कोर्ट'मध्ये गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूवरून एका लोकशाहिरावर खटला भरला जातो. २०१६ चा 'कासव'ही त्याच मानाचा धनी. आणि २३ सप्टेंबर २०२५ रोजी मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सन्मान झाला तो पुन्हा 'श्यामची आई' याच नावाचा. दिग्दर्शक सुजय डहाके.

पण संघटनेच्या कामात एक धडा मी पुरता शिकलो. किमान वेतन कायद्यात लिहिले म्हणून पाकिटात पडत नाही. ते मागावे लागते. पदकाचेही तेच. दिल्लीत पदक मिळाले, पण चित्रपट तालुक्यापर्यंत आलाच नाही, तर ते पदक कागदावरचेच. दिल्लीने मान दिला. प्रेक्षक द्यावयाचे काम आपले. तेव्हा असा चित्रपट जवळच्या थिएटरात लागला तर पहिल्याच आठवड्यात जा. लागला नाही तर चार जणांनी मिळून मालकाला विचारा. एकट्याने विचारले तर ती तक्रार ठरते; चौघांनी विचारले म्हणजे मागणी होते.